दवाखान्याच्या खुर्चीवर आपली लेक बसावी

रात्री-बेरात्री माणूस आजारी पडला आणि मोठ्या दवाखान्यात नेला, की पहिली गाठ डॉक्टरशी पडत नाही, खिडकीशी पडते. केसपेपर काढा, डिपॉझिट भरा, खाट आहे का विचारा. डॉक्टर चांगला असूनही या खिडकीवर पुष्कळ कुटुंबं अडतात. या खिडकीच्या मागे जो माणूस दवाखाना चालवतो, तो रुग्णालय प्रशासक. तिथपर्यंत पोचण्याचा अभ्यास काय, ते आज पाहू.

आधी काम समजून घ्या. कोणत्या वॉर्डात किती परिचारिका, औषधाचा साठा कधी मागवायचा, बिल कसं बनतं, रुग्णवाहिका तयार आहे का, हे सगळं प्रशासक बघतो. महाराष्ट्रातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ती खाट गरजूला मिळते की कागदावर राहते, हे त्याच्या टेबलावर ठरतं. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जाते की कचऱ्याच्या पिशवीत, सफाई करणाऱ्या बाईच्या हातात मोजे आहेत की नाहीत, हेही त्याच्याच हाती. आपल्या वस्तीतल्या किती जणी हे काम करतात, ते सांगायला नको.

आता शिक्षण. हे काम फक्त डॉक्टरांचं, हा गैरसमज काढून टाका.

पहिली वाट पदवीनंतरची. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही शाखेची पदवी असली तरी दोन वर्षांची मास्टर ऑफ हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एमएचए, ही पदवी घेता येते. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, हा अभ्यासक्रम आहे. दुसरा पर्याय रुग्णालय व्यवस्थापनातलं एमबीए. राज्यातल्या एमबीए महाविद्यालयांसाठी सीईटी कक्षाची परीक्षा असते. प्रवेश परीक्षेचे नियम बदलत राहतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

दुसरी वाट बारावीनंतरची. काही महाविद्यालयांत रुग्णालय व्यवस्थापनाची पदवी मिळते. तिच्यावर नोकरी सुरू होते ती बहुधा स्वागतकक्ष, बिलिंग किंवा विमा विभागातून. वर चढायला पुढे पदव्युत्तर शिक्षण लागतंच.

तिसरी वाट आरोग्यसेवेतल्यांची. परिचारिका, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन यांना वॉर्ड आतून माहीत असतो. त्यांनी पदवीच्या जोरावर एमएचए केलं, तर त्यांचा अनुभव फुकट जात नाही. एमबीबीएस झालेल्यांसाठी रुग्णालय प्रशासनात एमडी करायचीही सोय आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ती मिळते.

पैशाचं काय? अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे; पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप योजना बघा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाला मदत मिळते. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही. खासगी किंवा अभिमत विद्यापीठात जायचं असेल, तर पैसे भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती कागदांवर. राखीव जागेवर एमबीए करायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी घराणं 10 ऑगस्ट 1950 पूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जन्म-मृत्यूचा उतारा, जे असेल ते शोधा. आपण मुंबई-पुण्यात राहत असलो, तरी पुरावा गावच्या शाळेत आणि तहसील कचेरीत असतो. धाकट्याच्या सुट्टीत गावी गेलात, तर हे काम उरकून या. पदवीच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात केली, तर प्रवेशाच्या वेळी धावपळ होत नाही.

आणि फसू नका. सहा महिन्यांत 'हॉस्पिटल मॅनेजर' करून देऊ, नोकरीची हमी देऊ, असं सांगणारे क्लास भेटतील. तीन प्रश्न विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची? त्या विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का? गेल्या वर्षीची मुलं कुठे नोकरीला लागली, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर टाळलं, तर उठून या. मूळ दाखले कुणाकडे ठेवू नका.

घरात तेरावी-चौदावीतली मुलगी असेल, तर आज संध्याकाळी तिच्यासमोर हे पान ठेवा. हिशेब नीट करणारी, माणसांशी न चिडता बोलणारी, रेशनच्या रांगेतही सगळ्यांचा नंबर लावून देणारी असेल, तर निम्मं काम तिला आधीच येतं. उरलेल्या निम्म्याची पदवी घ्यायची आहे.