सोयाबीनच्या शिवारातून फर्मेंटरकडे

बारावीचा निकाल लागला की मेडशी गावातल्या अनेक घरांत एकच घोर लागतो: ‘नीट’ हुकली, आता पोराचं कसं होणार? पालकहो, ज्या सोयाबीनवर आपला संसार चालतो, त्याच्याच तेलाशी जोडलेली एक वाट आहे: प्रतिजैविकं (अँटिबायोटिक्स) बनवण्याची.

अनेक प्रतिजैविकं बुरशी किंवा जीवाणू तयार करतात. कारखान्यात त्यांना फर्मेंटर नावाच्या मोठ्या पोलादी टाक्यांत वाढवतात; यालाच किण्वन म्हणतात. साखर भरपूर दिली तर ते फोफावतात, पण औषध कमी देतात. म्हणून सेफॅलोस्पोरिन, एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांच्या किण्वनात सोयाबीन तेलासारखं वनस्पती तेल वापरतात. एक ग्रॅम साखरेतून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तेलातून ९. सूक्ष्मजीव तेल सावकाश फोडतात, त्यामुळे खुराक पुरून उरतो, फेसही दबतो. मात्र तेल जास्त झालं तर ते पचवायला प्राणवायू कमी पडतो आणि शेवटी औषध वेगळं काढणं जिकिरीचं होतं. ठिबकमधून खत सोडताना किती आणि कधी, याला जे महत्त्व, तेच इथंही. हा हिशेब बसवणारी माणसं उद्योगाला हवी असतात.

या कामाचा महाराष्ट्राला वारसा आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथं पेनिसिलिन बनू लागलं. पुढे पेनिसिलिन गटातल्या औषधांच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर विसंबला. तो देशातच बनावा म्हणून २०२० मध्ये केंद्रानं प्रोत्साहन योजना आणली आणि २०२४ मध्ये काकीनाड्यात याच कच्च्या मालाचा, म्हणजे पेनिसिलिन-जीचा, मोठा कारखाना सुरू झाला.

वाट कशी धरावी?

- जीवशास्त्र गट असेल तर बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान, नंतर एम.एस्सी.साठी ‘जॅम’ किंवा ‘गॅट-बी’ ही प्रवेश परीक्षा.
- गणित असेल तर एमएचटी-सीईटीतून जैवतंत्रज्ञानाचं बी.टेक., पुढे एम.टेक.साठी ‘गेट’ परीक्षा.
- औषधनिर्माणाची आवड असेल तर बी.फार्म.

कामं तीन प्रकारची: सूक्ष्मजीवांचा वाण सुधारणं, टाकी चालवणं, गुणवत्ता तपासणं.

खरं तेही सांगतो. टाकी रात्रंदिवस चालते, म्हणून पाळ्या असतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, गावही सोडावं लागतं. नुसत्या पदवीवर भागत नाही. प्रयोगशाळेत हात बसावा लागतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन एकच विचारा: विद्यार्थी स्वतः फर्मेंटर चालवतात का?

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. मुलाचं कॉलेजही तसंच पारखून घ्या.