चर्चा चहाच्या टेबलापाशी झाली

पुस्तकचर्चेत मंचावरच्या दुसऱ्या वक्त्यांनी पुस्तकाचं प्लॅस्टिक तिथंच, नखानं, फाडलं. समोरचा माईक चालू होता. चर्रर्र आवाज सभागृहभर गेला. ती प्रत मी ६ आठवड्यांपूर्वी त्यांच्या घरी स्वतः नेऊन दिली होती.

पुस्तक पेशवाईतल्या वतनांच्या तंट्यांवरचं. लेखकानं वर्षानुवर्षं मोडी कागदपत्रांचे रुमाल उपसलेले. पण दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय यांतच पाऊण तास गेला. अध्यक्ष ५२ मिनिटं बोलले. त्यात पुस्तकाचं नाव दोनदा आलं, एकदा चुकीचं.

मग पाचव्या रांगेतले एक काका उठले. मोडी वाचण्यात हयात गेलेली. म्हणाले, "पान १४३वरच्या पत्रात 'इहिदे सबैन मया व अलफ' आहे, म्हणजे ११७१. तुम्ही हिजरी धरून १७५७ लिहिलंत. हा शुहूर सन आहे. १७७०-७१ येतं." तेरा वर्षांचा फरक! मध्ये पानिपत होऊन गेलं, नानासाहेबांचा म्हणून सांगितलेला निवाडा थेट थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत आला. अख्खं प्रकरण त्या पत्रावर उभं. लेखक खुर्चीत पुढं सरकले, मागचे विद्यार्थीसुद्धा मोबाइल ठेवून बघू लागले, आणि अध्यक्ष म्हणाले, "वेळेअभावी आपण इथंच थांबू."

नंतर विभागाच्या बैठकीत मलाच ऐकवलं, "मॅडम, नियोजन कमी पडलं." पडलंच. वक्ते वाचून येतील असं मी धरून चालले होते.

तेव्हा, असा कार्यक्रम अंगावर घेणाऱ्यांनो, प्रत देतानाच प्रत्येक वक्त्याकडून एक कागद मागा: न पटलेला एक मुद्दा, पान क्रमांकासह. आठ दिवस आधी तो आला नाही, तर नाव पत्रिकेत छापू नका, माणूस कितीही मोठा असो. आलेले कागद लेखकाला आधी दाखवा. त्याला खिंडीत गाठायचं नसतं, बोलतं करायचं असतं. वक्ते तिघंच, प्रत्येकी १२ मिनिटं. त्यातला एक दुसऱ्या विषयातला घ्या. वतनांच्या पुस्तकाला जमिनीचे दावे लढवणारा वकीलही चालेल. मग लेखक. उरलेला वेळ श्रोत्यांचा, आणि त्यात हात कुणी लावायचा नाही. अध्यक्ष नकोच, पुस्तक वाचलेला, मोठ्या माणसालाही थांबवू शकणारा एक सूत्रधार पुरे. सत्कार करायचाच तर शेवटी. बाकी माईक तपासा, पाणी ठेवा, वेळ पाळा, हे सगळेच सांगतात.

आमच्याकडे खरी चर्चा चहाच्या टेबलापाशी झाली. लेखकानं काकांच्याच पेननं आपल्या प्रतीतलं १७५७ खोडलं. अध्यक्ष तोवर नारळ घेऊन गाडीत बसले होते.