पोटरीचा पंप आणि रक्ताची गुठळी

गुडघ्याचा सांधा बदललेल्या आजीला सारे घर एकच सांगते, "पडून राहा, पाय हलवू नको." डॉक्टर मात्र दुसऱ्याच दिवशी, कधी तर त्याच संध्याकाळी, तिला उभे करतात. घरच्यांना ते निर्दयपणाचे वाटते. विद्यार्थिमित्रहो, बरोबर कोण, ते आपण पाहू.

2000 साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्याचा सांधा बदलला, तेव्हा ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. आज ती नांदेड-लातुरातही होते.

आता एक प्रयोग करा. खुर्चीवर बसून पोटरीवर हात ठेवा आणि चवडा जमिनीवर दाबून टाच उचला. पोटरी टणक होते ना? त्या क्षणी तिच्या आतल्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर, हृदयाकडे ढकलले जाते. नीलांत झडपा असल्याने ते पुन्हा खाली येत नाही. हे काम या झडपांचे, असे विल्यम हार्वे यांनी 1628 साली दाखवून दिले. थोडक्यात, पोटरी हा पायातला पंपच! पाय निश्चल राहिला की पंप बंद पडतो आणि रक्त साचते.

साचलेले रक्त, नीलेला झालेली इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती या तीन गोष्टींनी गुठळी होते. सांधा बदलताना तिन्ही एकत्र येतात. मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह अनेकदा थांबवलेला असतो, नीला ताणल्या जातात, आणि जखम भरण्यासाठी रक्त गोठायला टपलेलेच असते. प्रतिबंधक उपाय नव्हते त्या काळी खुब्याचा वा गुडघ्याचा सांधा बदललेल्या शंभरांपैकी 40 ते 60 जणांच्या पायांत तपासणीत गुठळ्या सापडत. बहुतेकांना त्याची जाणीवही नसे. पण एखादी गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

यावर उपाय कोणता? लंडनमधील भारतीय वंशाचे शल्यचिकित्सक विजय कक्कर यांनी निरनिराळ्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या 4121 रुग्णांचा अभ्यास 1975 साली प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्यांना हेपारिनची अल्प मात्रा कातडीखाली टोचली होती. फुप्फुसातील गुठळीने त्यांच्यातले 2 जण दगावले. ज्यांना ती दिली नव्हती त्यांच्यातले 16. आता हेपारिनचे सुधारित प्रकार, गोळ्या, काहींना साधी ॲस्पिरिनही देतात. औषध जास्त झाले तर नव्या सांध्यातच रक्तस्राव होतो, म्हणून कोणाला काय द्यायचे ते डॉक्टरच ठरवतात. शेजारच्या आजोबांची गोळी आपल्या आजीला चालत नाही!

औषध साधारण 10 ते 35 दिवस घ्यावे लागते, कारण घरी आल्यावरही गुठळी होऊ शकते. टाके काढले म्हणून गोळी बंद करू नये. नांदेडहून किनवटला किंवा लातूरहून उदगीरला परतताना वाटेत गाडी थांबवावी, आजीला आधार देऊन चार पावले चालवावे. बसल्या जागी घोट्यातून पाऊल पुढे-मागे करायला सांगावे. पाणीही पुरेसे द्यावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

शस्त्रक्रियेनंतर पाय थोडा सुजतोच. पण पोटरी एकाएकी जास्त सुजली, दुखू लागली, तर तेल लावून चोळू नका; चोळल्याने गुठळी सुटू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.