अंदमानला पावसात जाताय? बोट सुटली नाही तर पैसे कोणाचे, हे आधी ठरवा

अंदमानचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येऊन सप्टेंबरमध्ये जात नाही. मोसमी वारे केरळच्या आधी तिथे पोचतात, मेच्या मध्याच्या सुमारास. ते परतले की ईशान्येचे वारे आणि बंगालच्या उपसागरातली वादळे पार डिसेंबरपर्यंत पाऊस आणतात. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. भरवशाचे कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल, बस.

म्हणजे मुलांच्या शाळेच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या अडचणीच्या. मेच्या उत्तरार्धात पाऊस लागलेला असतो, पण दर सुट्टीचेच. दिवाळीतही तेच: हॉटेले महाग, समुद्र बेभरवशाचा. मुले बरोबर असतील तर परीक्षा संपताच, मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत सहल उरका. हिरवेगार जंगल आणि पाऊसच बघायचा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. तेव्हा पाऊस असतोच, पण दरही खरोखर उतरलेले असतात, घासाघीस करता येते.

नावांचा घोळ आधी मिटवा. पोर्ट ब्लेअर २०२४पासून श्री विजयपुरम झाले आहे. २०१८पासून हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप. तिकिटावर यातले कुठलेही नाव दिसू शकते. विमानतळ वीर सावरकर, कोड आयएक्सझेड.

आता बोटीचे, कारण पावसाळ्यातला सगळा जुगार तिच्यावर आहे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक समुद्रातून सुमारे ४० किलोमीटर. सरकारी फेरीला अडीच तासांच्या आसपास लागतात, खासगी क्रूझला दीड ते दोन. खासगीचे तिकीट एका बाजूचे माणशी साधारण १२०० ते २००० रुपये, वरच्या वर्गाचे त्याहून जास्त. सरकारी बरेच स्वस्त, पण जागा मिळवायला धडपड करावी लागते. तिकिटाला आणि चढताना ओळखपत्र लागते, मुलांचेही. मूळ प्रत जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

बंदरात धोक्याचा बावटा लागला की बोटी थांबतात. कधी अर्धा दिवस, कधी दोन दिवस. निर्णय आदल्या संध्याकाळी कळेलच असे नाही, कधी थेट जेटीवर कळतो. बोट कंपनीनेच रद्द केली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. पण एजंटाने वर लावलेला सेवा आकार बहुधा मिळत नाही. हॅवलॉकच्या ज्या खोलीत तुम्ही पोचलाच नाहीत, तिचे भाडे हॉटेलवाला सहसा सोडत नाही. आणि पोर्ट ब्लेअरमध्ये अडकल्यामुळे जी जादा रात्र काढावी लागते, तिचा खर्च तुमचा.

म्हणून एक नियम पाळाच: बेटावरून परतीची बोट आणि घरी जायचे विमान एकाच दिवशी ठेवू नका. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये. पाऊस जोरात असेल असे वाटले तर शेवटच्या दोन. उदाहरणादाखल हिशेब करा. जादा रात्रीची खोली ३००० रुपयांची धरली आणि विमान चुकल्यावर ऐनवेळचे तिकीट माणशी १२००० धरले, तर चौघांचे ४८००० होतात. पॅकेजवाले ही शेवटची रात्र कापूनच स्वस्त दर दाखवतात. ती आहे की नाही, हे दर बघण्याआधी बघा.

सामानाचेही बोटीवरच ठरते. जेटीवर बॅगा तपासून उघड्या ट्रॉलीवरून बोटीपर्यंत जातात, पाऊस असला तरी. चेनमधून पाणी झिरपते आणि खोलीवर पोचून बॅग उघडली की तळाचे कपडे ओलेचिंब. बॅगेवरचे महागडे आवरण घेऊ नका. कपडे, औषधे, चार्जर आतच जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, घरातल्या पिशव्या चालतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्या. एकदा बोट हलायला लागली की तिचा फारसा उपयोग होत नाही.

विमानाचे दोन मुद्दे. मुंबई किंवा पुण्याहून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदलावे लागते. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटे दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसतात, पण पहिले विमान पावसाने उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते. दुसरे, हवामानामुळे उड्डाण रद्द झाले तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा पुढचे विमान हा तुमचा हक्क आहे. तुम्ही स्वतः ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केले तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागा. मागितल्याशिवाय पुष्कळदा कोणी देत नाही.

टूरवाल्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या. व्हॉट्सॲप चालेल, तोंडी नको. बोट रद्द झाली तर जादा रात्रीचा खर्च कोण देणार? न वापरलेल्या खोलीचे काय? समुद्री खेळ बंद राहिले तर त्यांचे पैसे रोख परत मिळणार की ‘ऐवजी दुसरे काहीतरी’ दाखवणार? हे शेवटचे सगळ्यांत फसवे. पावसात एलिफंट बीच आणि नॉर्थ बेकडच्या बोटी वारंवार बंद असतात. मग दिवस बाजारात आणि संग्रहालयात घालवला जातो, पॅकेजची रक्कम मात्र तीच. समुद्री खेळ पॅकेजमधून काढूनच टाका आणि तिथे हवा बघून पैसे द्या. स्कूबा साधारण ३५००पासून. पण सलग पाऊस पडल्यावर पाणी गढूळ होते, तेव्हा त्याच सकाळी पाण्यात जाऊन आलेल्या कोणाला ‘किती लांबचे दिसते’ हे विचारा, मगच पैसे द्या. फोटो-व्हिडिओ त्यात धरले आहेत का, हेही.

बाराटांगच्या चुनखडी गुहांना जाणार असाल तर पहाटे तीन-चारला निघायची तयारी ठेवा. जिरकाटांग नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. मूळ ओळखपत्र आणि दोन-तीन झेरॉक्स लागतात. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो: थांबायचे नाही, फोटो नाही, खाऊ द्यायचा नाही. तो गुन्हा आहे आणि तो तुमच्यावर लागतो. ‘जारवा दाखवतो’ म्हणून जादा पैसे मागणारा चालक तिथल्या तिथे बदला. पुढे खारफुटीतून छोटी बोट आणि मग पायवाट. मुसळधार पावसात गुहेची वाट बंद होऊ शकते, तरी गाडीचे दिवसाचे भाडे द्यावेच लागते. ते अर्धे होईल का, हे आदल्या रात्री ठरवा. पावसाळ्यात जंगलवाटांवर जळवा असतात. पायमोज्यांत पँट खोचा आणि मिठाची पुडी खिशात ठेवा.

हॉटेलच्या बिलात ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यावर १८. जेवणाच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ ऐच्छिक आहे, काढायला सांगा. हॅवलॉक-नीलवर एटीएम मोजकी आणि पावसात नेटवर्कही जाते. दोन दिवस पुरेल इतकी रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढा. सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो, ढग असले तर त्याआधीच अंधारते. फिरणे सकाळीच उरका.

किनाऱ्यावरचे प्रवाळ उचलू नका, विमानतळावर तपासणीत अडकाल. शिंपल्याची वस्तू दुकानातून घेतली तर पावती बॅगेत वर ठेवा. हॉटेल किंवा टूरवाल्याने ठरलेले पैसे बुडवले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. त्यासाठी पावत्या, व्हॉट्सॲपवरचे बोलणे आणि बोट रद्द झाल्याचा एसएमएस हे तिन्ही जपून ठेवा.