आपला मेंदू आणि आकडी



आपल्या डोक्यात कवटीच्या आत मेंदू असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम भरते, म्हणजे दीड किलोला थोडे कमी. दिसायला तो अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला असतो. अक्रोड आपल्याकडे रोज कोण खातंय, म्हणून गुरुजींनी एक फोडून वर्गात दाखवला होता. मेंदू फार मऊ असतो. त्याला धक्का बसू नये म्हणून बाहेरून कवटीचे हाड असते आणि आत पाण्यासारखा पातळ पदार्थ असतो.

मेंदूचे मुख्य तीन भाग आहेत. मोठा मेंदू विचार करतो, आठवण ठेवतो, बोलतो. लहान मेंदू मागच्या बाजूला खाली असतो, तो तोल सांभाळतो. डोक्यावर घागर घेऊन आई बांधावरून चालते तेव्हा तिचा लहान मेंदू काम करत असतो. तिसरा भाग मेंदूपुच्छ. आपण झोपलो तरी श्वास चालू राहतो तो त्याच्यामुळे. गंमत म्हणजे मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते आणि उजवी बाजू डावा हात. म्हणून एखाद्या आजोबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे लकवा झाला, तर बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला असतो.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. आकडा लिहायचा तर ८६ लिहून पुढे नऊ शून्ये द्यावी लागतात. या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. तो निरोप म्हणजे अगदी बारीक वीज असते. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरांनी माणसाच्या डोक्याला तारा लावून ती वीज कागदावर रेघांनी उतरवून घेतली. आजही तसा आलेख काढतात. तो काढताना शॉक बसत नाही आणि दुखत पण नाही.

पुस्तकात मेंदूला शरीराचा राजा म्हटले आहे. मला मात्र तो मागासारखा वाटतो. माझे मामा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आहेत. मी तिथं माग बघितला आहे. मागावर उभे धागे असतात त्यांना ताणा म्हणतात. नक्षीप्रमाणे त्यातले काही धागे वर जातात, काही खाली राहतात आणि मधून धोटा जातो. म्हणून चादरीवर मोर उठतो, फूल उठते. मेंदूतही असेच आहे. काही पेशी निरोप देतात, काही गप्प राहतात, मग आपल्याला बोलता येते, लिहिता येते. आता समजा, मागावरचे सगळेच धागे एकदम वर-खाली वर-खाली व्हायला लागले तर? माग जागेवर आहे, धागे पण चांगले आहेत, पण नक्षी होणार नाही. मेंदूतल्या पुष्कळ पेशी अशा एकदम निरोप द्यायला लागल्या की माणसाला आकडी येते. कोणी तिला फेफरं म्हणतात, कोणी मिरगी, दवाखान्यात फीट म्हणतात. थोड्या वेळाने पेशी आपोआप ताळ्यावर येतात आणि माणूस शुद्धीवर येतो.

हे मी एवढे लिहिते आहे कारण माझ्या आत्याची मुलगी आमच्याच घरी राहते आणि तिला आकडी येते. ती तिसरीत आहे. तिला विचारूनच लिहिले आहे. पहिल्यांदा आकडी आली तेव्हा लोक म्हणाले, बाहेरचं आहे, देवरुष्याकडं न्या. कोणी पायताण हुंगवलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. एका लग्नात तर एकाने तिच्या दातात चमचा घातला आणि तिचा पुढचा दात तुटला. आकडीनं तुटला नाही, चमच्यानं तुटला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितले की कांदा, पायताण, लोखंड यांनी काही होत नाही. आकडी आपली आपणच थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते! आज्जीला हे पटायला वेळ लागला.

तिच्याशेजारी काही मुली बसत नाहीत. त्यांच्या घरी सांगतात की आकडी लागते. पण आकडी ही खरजेसारखी किंवा सर्दीसारखी लागत नाही. ज्याचा मेंदू त्याचीच आकडी. आणि आकडी येणारे मूल वेडे किंवा ढ असते असेही नाही. आत्याच्या मुलीला वीसपर्यंत पाढे येतात. पण तिचे सोडा, मी एक मोठा माणूस सांगते, तो पण आपल्या सोलापूरचा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. मुंबईला ते डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. तेव्हा चीनच्या मदतीला १९३८ मध्ये आपल्या देशातून पाच डॉक्टर गेले, त्यांत कोटणीस होते. बाकीचे चौघे परत आले, कोटणीस तिथेच राहिले. ते चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. १९४० मध्ये एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता जखमी सैनिकांची ऑपरेशने केली असे सांगतात. पुढे ते बेथून यांच्या नावाच्या दवाखान्याचे प्रमुख झाले. १९४१ मध्ये त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

या कोटणीसांना फीट येत असत. ९ डिसेंबर १९४२ रोजी फीटनेच ते गेले. वय फक्त ३२, आणि मुलगा चार महिन्यांचासुद्धा नव्हता. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला. सोलापुरात भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक केले आहे. ज्या मेंदूला फीट येत होती त्याच मेंदूने परकी भाषा शिकली आणि शेकडो माणसे वाचवली. हे मी आत्याच्या मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग ते गेले का?” मला उत्तर देता येईना म्हणून मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, तेव्हा लढाई होती, डोंगरातला दवाखाना होता, औषधांची टंचाई होती, विश्रांती नव्हती. फीटवरचे फेनिटॉइन हे औषध १९३८ सालीच अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी पुढे आणले होते, म्हणजे ते अगदी नवे होते. आता तशी पुष्कळ औषधे आहेत. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. वेळेवर औषध मिळाले तर शंभरातल्या सत्तर जणांच्या फीट थांबू शकतात. पण गोळी रोज घ्यावी लागते. बरं वाटलं म्हणून मनानं बंद केली की आकडी परत येते. आमच्या घरी रात्री आठ वाजता गोळी द्यायचे काम माझ्याकडे आहे. तिला दिवाळीपासून आकडी आलेली नाही.

बाईंनी पालकांसाठी एक गोष्ट लिहायला सांगितली आहे. पूर्वी फीट येत असेल तर लग्न रद्द होऊ शकेल असे हिंदू विवाह कायद्यात होते. १९९९ साली ते काढून टाकले. म्हणून मुलीचा आजार लपवून दवाखाना टाळू नये.

आकडी येण्याची कारणे पुष्कळ आहेत. कोणाला जन्मताना श्वास कमी पडलेला असतो. कोणाच्या डोक्याला मार लागलेला असतो, म्हणून मोटारसायकलवर हेल्मेट घालावे, आणि उसाच्या ट्रॉलीला लोंबकळू नये (हे कोणासाठी लिहिले आहे ते त्याला कळेल). एका चपट्या, फितीसारख्या कृमीची अंडी घाणीतून भाजीवर येतात आणि पोटातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून मुळा, गाजर, कोथिंबीर कच्ची खाताना नीट धुवावी, शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत. कधी कधी कारण सापडतही नाही. आणि ज्याला आकडी येते त्याला जागरण वाईट. तसे जागरण कोणालाच चांगले नाही. पाठ केलेले मेंदू झोपेत पक्के करतो, म्हणून आपल्या वयाच्या मुलांनी नऊ तास तरी झोपावे. जत्रेच्या दिवसांत हे घरचे कोणी ऐकत नाही ते वेगळे.

आता वर्गात आत्याच्या मुलीला किंवा कोणालाही आकडी आली तर काय करायचे ते सांगते. ओरडायचे नाही, गर्दी करायची नाही. जवळचे दगड, बाक, कंपास बाजूला घ्यायचे. डोक्याखाली दप्तर नको, त्यात डबा असतो. ओढणी किंवा स्वेटर घडी करून ठेवायचा. हातपाय दाबून धरायचे नाहीत. एका कुशीवर वळवायचे, म्हणजे लाळ बाहेर येते आणि श्वास अडकत नाही. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीच घालायचे नाही. जीभ कोणी गिळत नाही. आणि घड्याळ बघायचे. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आकडी थांबते. मग तिला झोप येते, झोपू द्यायचे. आपल्या वर्गातल्या घड्याळाचा मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर जायला पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात थांबली नाही, किंवा एक झाल्यावर लगेच दुसरी आली, तर पळत जाऊन गुरुजींना १०८ ला फोन लावायला सांगायचे. ती गाडी फुकट येते.

— इयत्ता ४ थी