घास आणि श्वास

घास गिळतांना आपला श्वास क्षणभर थांबतो, हें किती वाचकांच्या ध्यानीं आलें असेल? अन्ननलिका व श्वासनलिका यांचीं द्वारें घशांत अगदीं शेजारीं आहेत. गिळतांना कंठ वर उचलला जातो आणि श्वासनलिकेचें द्वार मिटतें. अर्धांगवायूनें वा कंपवातानें स्नायु दुर्बळ झाले, म्हणजे हें मिटणें उशिरा होतें.

अशा रोग्यास पाणी सर्वांत सोपें, असा आपला समज. परंतु पाणी चपळ. द्वार मिटण्यापूर्वींच तें आंत शिरतें. दाट पेज पुष्कळांस सावकाश उतरते. पातळ आमटींत कालविलेला भात मात्र दुहेरी कठीण. किती दाट द्यावें, हें गिळणें तपासणाऱ्या तज्ज्ञानेंच ठरवावें.

निजलेल्या किंवा गुंगींत असलेल्या रोग्याच्या तोंडांत कांहींही ओतूं नये. त्यास ताठ बसवावें, लहान चमचा द्यावा आणि घोट उतरेपर्यंत थांबावें. आजीस भरवितांना आम्हांस हें थांबणेंच जड जाई. शाळेची वेळ होत आलेली असे! जेवणानंतरही अर्धा तास तिला बसवून ठेवीत असूं.

ठसका लागला, श्वास लागला, तर भरविणें तत्काळ बंद करावें. कित्येकांस ठसकाही लागत नाहीं; अन्नाचा अंश गुपचूप फुप्फुसांत जातो व मागाहून ज्वर येतो. त्यासोबत तोंडांतील जंतु जाऊं नयेत म्हणून दांत व जीभ रोज स्वच्छ करावीं. घोटानंतर आजीस आम्ही ‘आ’ म्हणावयास सांगत असूं. आवाज ओला, घोगरा आला, कीं चमचा खालीं.