पाचर आणि डोलकाठी

‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे दुसऱ्याच्या कामात मोडता घालणे या अर्थी रूढ आहे. पंचतंत्रातील माकडाने पाचर उपटली आणि ते प्राणास मुकले, ही गोष्टही आपण शाळेत ऐकलेली असते. परंतु ज्याच्या हातात रंधा आहे त्याच्या दृष्टीने पाचर ही बांधून धरणारी वस्तू होय. माझे वडील सुतार आहेत. कुदळीचा दांडा सैल झाला की लोक आमच्या दारी येतात आणि वडील बोटभर लाकूड तासून त्यांची अडचण दूर करतात. असेच लाकडाचे तुकडे भर समुद्रात पंधरा-वीस मीटर उंचीची डोलकाठी सावरतात, हे वाचले तेव्हा मला प्रथम खरे वाटले नाही.

शिडाच्या नौकेची डोलकाठी दोन प्रकारे उभी करतात. काही नौकांत ती डेकवरच टेकवलेली असते. दुसऱ्या प्रकारात डेकला भोक ठेवून काठी आरपार खाली नेतात व तिचे बूड तळाच्या कण्यावरील खोबणीत बसवतात. हे भोक काठीपेक्षा मुद्दाम मोठे ठेवतात. नाहीतर काठी आत उतरणार नाही आणि तिचा कल कमीअधिक करता येणार नाही. उरलेल्या फटीत पाचरी ठोकतात. 1817 साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी लाकडाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली. ती आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. त्या काळच्या अशा मोठ्या जहाजांच्या डोलकाठ्याही डेकमधून जाताना पाचरींनीच आवळलेल्या असत.

कुणी म्हणेल, काठीला बाजूंनी ताणाचे दोर असतातच, मग पाचरींचे एवढे कौतुक कशाला? क्षणभर ते दोर नाहीत असे समजू. डेकखाली काठी 2 मीटर आहे आणि डेकच्या वर 6 मीटरवर वारा तिला 100 किलो भाराइतक्या जोराने ढकलतो आहे. तरफेच्या नियमाने बूड उलट दिशेला 300 किलोच्या जोराने सरकू पाहील, आणि डेकच्या भोकापाशी या दोहोंची बेरीज, म्हणजे 400 किलो, सोसावी लागेल. दोर लावल्यावर हा भार पुष्कळच घटतो हे खरे. पण ते ताणलेले दोर काठीला खाली दाबतात, आणि बारीक उंच खांब दाबाखाली मध्येच वाकतो. अशा खांबाची सहनशक्ती लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिले. पाचरींनी डेकपाशी काठी पक्की धरली की तिची मोकळी लांबी कमी होते. पाचर सैल पडली तर प्रत्येक लाटेसरशी काठी भोकात आपटते, भोकाच्या कडा झिजतात, पाणी आत शिरते. आणि वादळात काठीच गेली तर माणसांच्या जिवावर बेतते.

पाचर ठोकलेल्या जागी राहते ती घर्षणामुळे. तिचा उतार दहास एक असेल तर ती 10 मिलिमीटर आत जाताना बाजूला फक्त 1 मिलिमीटर सरकते. म्हणून हातोडीचा लहानसा घावही मोठा दाब देतो. उतार जास्त ठेवला की ती उसळून वर येते. लाकूड कोणते घ्यावे? पाईनसारखे मऊ लाकूड बरे, असे जाणकार सांगतात. मी हे वडिलांना सांगितले, तर ते म्हणाले, “त्यात शिकायचं काय? कठीण पाचर समोरच्या लाकडाला खड्डा पाडते, मऊ पाचर स्वतः दबते.” काठी ॲल्युमिनियमची असेल तर ही खबरदारी अधिकच हवी. पाचरीची आतली बाजू काठीच्या गोलाईप्रमाणे कोरून घ्यावी लागते, नाहीतर सगळा दाब एका रेषेवर येऊन पत्रा चेपतो. हल्ली रबराचे ठोकळेही वापरतात. मला मात्र लाकूडच पटते, कारण ते जागेवर तासता येते.

ठोकण्याआधी दोर थोडे सैल ठेवून काठी भोकाच्या मध्यावर आणतात. मग समोरासमोरच्या पाचरी आलटून पालटून थोड्या थोड्या ठोकतात. एकाच बाजूने ठोकत गेल्यास काठी वाकडी होते. शेवटची पाचर जाईना, तर डेकलगत दोर बांधून काठी किंचित पलीकडे ओढतात, पाचर सोडतात आणि दोर ढिला करतात. प्रत्येक पाचरीवर क्रमांक घालतात, म्हणजे काठी उतरवून पुन्हा उभी करताना जिची तिला जागा मिळते. वरून कॅनव्हासचे आवरण घट्ट बांधतात.

कोरडी पाचर पाणी लागताच फुगते, म्हणून ती अगदी शेवटपर्यंत ठोकत नाहीत. आमच्या गावात सैल कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, ती सकाळी घट्ट होते. चार दिवस उन्हात काम झाले की दांडा पुन्हा हलू लागतो, आणि माणूस पुन्हा आमच्या दारी येतो.